डार्वेनचें मैदान

जालन्याहून कोणी विलायतेस गेला म्हणजे लंडन पाहून येतो आणि महिनाभर शेजाऱ्यापाजाऱ्यांस छायाचित्रें दाखवितो. मी मात्र गेल्या उन्हाळ्यांत मँचेस्टरला भाच्याकडे राहावयास गेलों असतां, ज्याचें नांव आपल्याकडे फारसें कोणी ऐकलें नसेल अशा एका लहान गांवीं दिवसभर हिंडून आलों. आणि तेंही एका मेलेल्या फुटबॉल-मंडळाचा माग काढीत. वाचकांस हा छंद विचित्र वाटेल, म्हणून त्याचें कारण आधीं सांगतों.

आमच्या जालन्यास उठून गेलेल्या वस्त्यांची ओळख आहे. कुंडलिका नदीच्या एका कांठास जुनें जालना, दुसऱ्या कांठास कादराबाद, आणि त्याच्याही पलीकडे छावणी. ती छावणी १८२७ सालीं वसली. निजामाच्या खर्चानें पोसलेली पण इंग्रज अंमलदारांच्या हुकमतींतली कंटिंजंट फौज तेथें राही. १९०३ मध्यें ती फौज हिंदुस्थानच्या सैन्यांत मिसळून टाकण्यांत आली आणि छावणी मोडली. पण गांव कांहीं मोडला नाहीं. तीनच वर्षें आधीं, १९०० सालीं, आगगाडी आली होती. कापसाची पेठ वाढत होती. फौज गेली, पेठ राहिली.

याच गांवांत आमच्या आजोबांच्या पिढीनें एक लहानसें खेळमंडळ काढलें होतें. चार आणे, आठ आणे वर्गणी जमवून त्यांनीं थोडी जागा घेतली. तेथें खो-खो, हुतुतू आणि पावसाळ्यांत चिखल तुडवीत फुटबॉल चाले. आतां मुलें संध्याकाळीं शिकवणीस जातात. मैदानावर गवत माजलें आहे. जागा विकून टाकावी, मंडळ विसर्जित करावें आणि आलेल्या पैशांतून शिष्यवृत्त्या द्याव्या, असा ठराव सहा विश्वस्तांपुढें आला. पांचांनीं सह्या केल्या. सहावा मी. तोंडी होकार देऊन चुकलों होतों. परत आल्यावर सही करीन असें सांगून कागद पेटींत टाकला आणि विमानांत बसलों.

एके दिवशीं बोलतां बोलतां ही हकीकत भाच्यास सांगितली. तो म्हणाला, "मामा, सही करण्यापूर्वीं एक गांव तुम्हांला दाखवितों. मग काय तें ठरवा."

मँचेस्टरहून बोल्टनवरून ब्लॅकबर्नकडे जाणाऱ्या गाडीनें आम्ही डार्वेनला उतरलों. भोंवतीं हिरवे माळ, मध्यें खोलगट भागांत दगडी घरांच्या रांगा, आणि सर्वांवर मान काढून उभी असलेली एक अवाढव्य धुराडी. ती ३०३ फूट उंच आहे आणि १८६७ सालीं पुरी झाली. त्या गिरणीचें नांव वाचून मी थबकलोंच : इंडिया मिल! आमच्यासारख्या कापसाच्या पेठेंतून आलेल्या माणसास परमुलखांत असें नांव दिसावें, हा योग गमतीचा खरा. आज तेथें सूत निघत नाहीं.

याच सुताच्या गांवांत १८७० सालीं फुटबॉल-मंडळ निघालें. हॅरोच्या शाळेंत शिकून आलेल्या गिरणीमालकाच्या मुलांनीं तो खेळ गांवीं आणला आणि गिरणीकामगारांनीं तो आपलासा केला. त्या काळीं देशांतील मोठा चषक म्हणजे श्रीमंतांच्या शाळांतील माजी विद्यार्थ्यांची जणूं वहिवाटच. १८७९ मध्यें डार्वेनच्या कामगारांची गांठ ईटनच्या माजी विद्यार्थ्यांशीं पडली. सामना लंडनला. दुसऱ्या डावांत शेवटचीं पंधरा मिनिटें उरलीं असतां डार्वेन १-५ असें मागें होतें. त्या पंधरा मिनिटांत त्यांनीं चार गोल करून ५-५ अशी बरोबरी साधली. जादा वेळ खेळण्यास ईटनकर तयार झाले नाहींत, म्हणून कामगारांस पुन्हां लंडन गांठणें आलें. भाड्यास पैसे कोठून आणावे? गांवानें वर्गणी काढली. दुसरा सामना २-२ असा सुटला. तिसऱ्या वेळीं थकलेले डार्वेनकर २-६ असे हरले, आणि चषक त्या वर्षीं ईटनकरांनींच नेला. पण त्या पराभवाची आठवण गांवानें जयासारखी जपली.

या संघांत फर्गस सूटर नांवाचा ग्लासगोकडचा एक पाथरवट होता. खेळासाठीं त्याला पैसे मिळतात अशी त्या वेळीं कुजबूज होती. पैसे घेऊन खेळण्यास उघड परवानगी मिळाली ती पुढें १८८५ सालीं. सूटर १८८० मध्यें शेजारच्या ब्लॅकबर्नच्या संघांत गेला. मोठें गांव लहान गांवाचा माणूस ओढून नेतें, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यांतील घराघरांस ठाऊक आहे. ती कांहीं फुटबॉलपुरती नाहीं.

१८९१ सालीं डार्वेनला देशाच्या लीगमध्यें जागा मिळाली. पण तेथें पैसा आणि मोठी शहरें यांचें राज्य होतें. १८९८-९९ च्या हंगामांत ३४ सामन्यांत त्यांच्यावर १४१ गोल झाले, आणि ओळीनें १८ सामने ते हरले. त्यानंतर त्यांनीं लीग सोडली, जुनी जागाही सोडली, आणि अँकर मैदानावर बिऱ्हाड हलवून लहान स्पर्धांत खेळूं लागले.

पुढें १९३१ चा सप्टेंबर आला. परदेशी कापडावरील आपल्या बहिष्काराचे चटके सोसलेल्या याच गांवीं महात्माजी उतरले. गिरणींतील बायांनीं त्यांच्याभोंवतीं हंसत हंसत गर्दी केल्याचें छायाचित्र प्रसिद्ध आहे. गांवांत बेकारी होती, आणि त्याच हंगामांत, १९३२ च्या जानेवारींत, डार्वेनचा संघ लंडनच्या बलाढ्य आर्सेनलशीं खेळून १-११ असा हरला. भाकरीची भ्रांत असतांही गांवानें खेळ सोडला नव्हता, हें पाहून मला आमच्या गवताची लाज वाटली.

अखेर २००९ सालीं देणें फिटेना म्हणून हें मंडळ न्यायालयाच्या हुकुमानें विसर्जित झालें. एकोणचाळीस वर्षें वर शतक, इतकें त्याचें आयुष्य. मला वाटलें, कथा येथें संपली. भाच्यानें मला अँकर मैदानाच्या फाटकाशीं नेलें. मंडळ बुडालें त्याच वर्षीं गांवकऱ्यांनीं थोड्या फरकानें नवें नांव घेऊन नवा संघ उभा केला, आणि तो याच मैदानावर खेळूं लागला. नांव गेलें, दप्तर गेलें, जुनें देणें गेलें; जमीन राहिली, म्हणून पुढचे लोक उभे राहूं शकले.

परततांना त्यानें टेकडीवरील मनोरा दाखविला. तो १८९८ सालचा. राणीच्या राज्यारोहणास साठ वर्षें झालीं त्याचें तें स्मारक आहेच; पण माळावर हिंडण्याचा सामान्य लोकांचा हक्क भांडून मिळाला, त्याचीही ती खूण. मोकळ्या जागेसाठीं भांडणारे लोक आणि मोकळी जागा विकावयास निघालेले आम्ही! दोघांत शहाणे कोण, हें मला त्या टेकडीखालीं कोणी सांगावें लागलें नाहीं.

शिष्यवृत्ति वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. पण विकलेली जागा आमच्या नातवंडांच्या पैशानें परत येणार नाहीं, आणि बंद पडलेलें मंडळ मात्र पुन्हां काढतां येतें. घरीं आल्यावर तो कागद पेटींतून काढला. विसर्जनाच्या कलमापुढें सही केली. विक्रीच्या कलमावर आडवी रेघ ओढून खालीं माझें मत लिहिलें. इतर पांचजण रागावले आहेत, आणि पुढच्या बैठकींत माझें कितपत चालेल याची मला खात्री नाहीं. दरम्यान एका रविवारीं घरांतील दोन नातू आणि एक नात यांस घेऊन मैदानावरील गवत काढावयास गेलों. दुपारपर्यंत एक कोपरा साफ झाला. संध्याकाळीं पाहतों तों शेजारचीं चार मुलें त्या कोपऱ्यांत चेंडू घेऊन आलेलीं होतीं.