नवं घर

आषाढात मामाने कोल्हापूरहून कॉकाटीलचे पिल्लू आणले. जेमतेम दोन महिन्यांचे, हाताने भरवणे नुकतेच सुटलेले. पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांतला आणि इथे पन्हाळ्याचे धुके थेट माजघरात! तुरा डोक्याला चिकटवून ते कोपऱ्यात बसले. हात दिसताच फुसफुसे. दाण्याला चोच लावीना. मी घाबरलो.

आजी म्हणाली, "नवं घर हाय त्याला. सारखं बघू नगंस." तिने पिंजरा वाऱ्या-धुरापासून दूर ठेवला, तीन बाजू झाकल्या, तळाशी भिजवलेले राळे पसरले. रात्री मंद दिवा ठेवला.

दुसऱ्या पहाटे टकटक ऐकू आली. तुरा किंचित उभा होता.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी मीही डबा न उघडताच परत आणला होता. तेव्हाही आजीने काही विचारले नव्हते.