थोरली बासरी

"आता मोठी बासरी घ्यायला हरकत नाही," असं गुरुजी म्हणाले, त्या संध्याकाळी मी घरी पेढे नेले. सौभाग्यवतींनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "म्हणजे आवाजही मोठा येणार का हो?" बासरी जितकी लांब तितका सूर खालचा, हे शास्त्र सांगण्याची ती वेळ नव्हती.

गुरुजींना घेऊन दुकानात गेलो. पांढरी तीनची बासरी म्हणजे सुमारे अडीच फुटांचा बांबू! पन्नालाल घोषांनी (१९११-१९६०) अशी लांब बासरी मैफलीत आणली. त्यांचं काय गेलं? बोटं ताणायची होती ती माझी. दुकानदार जी उचली ती त्याच्या ओठांशी गोडच वाजे. मी रेशमी दोऱ्याची निवडली. फुंकली, तर नुसता वारा. अनामिका शेवटच्या भोकापर्यंत पोचतच नव्हती.

"दोरा बांबू चिरू नये म्हणून असतो, सुरासाठी नव्हे," गुरुजी म्हणाले. त्यांनी पेटीवर सा धरला, आठदहा बासऱ्या ताडून पाहिल्या आणि पांढरी पाचची एक साधी, आखूड बासरी माझ्या हाती दिली. बढती मिळाली, पण अर्ध्या पगारावर!

"एवढीशीच?" घरी स्वागत झालं.

रात्री गुमान बसलो. सगळी भोकं झाकली गेली. खालचा पंचम लागला आणि चक्क टिकला. स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. मी घाबरून बासरी खाली ठेवली.

आतून आवाज आला, "थांबलात का?"