गोचिडाचा जीव आणि कुत्र्याचा जीव

नागावच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत ओलावा बारमाही असतो, आणि पावसाळा उतरू लागला की त्या ओलाव्यात गोचिडांचे फावते. येथील एका जैन किराणा व्यापाऱ्याच्या मागील पडवीत सात वर्षे वाढलेल्या भुऱ्या नावाच्या कुत्र्याने गेल्या पर्युषणात अन्न सोडले. तिसऱ्या दिवशी त्याच्या नाकातून रक्त आले. हिरड्या पांढुरक्या पडल्या. घरातील सूनबाईंनी त्याला रिक्षात घालून अलिबागला नेले. ताप १०४ अंशांवर होता. रक्तातील प्लेटलेट्स किमान दोन लाखांच्या आसपास असाव्यात, त्या तीस हजारांवर उतरल्या होत्या. निदान झाले गोचीड तापाचे.

एर्लिकिया नावाचा हा जंतू गोचिडाच्या चाव्यातून कुत्र्याच्या रक्तात शिरतो आणि पांढऱ्या पेशींत बिऱ्हाड करतो. १९३५ साली अल्जेरियात तो प्रथम ओळखला गेला. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याचे शेकडो कुत्रे याच रोगाने दगावले. वेळीच ओळखला तर उपचार मात्र साधा आहे : डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, सलग २८ दिवस. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, कुत्रा शेपूट हलवू लागतो आणि पुष्कळ घरांत औषध तेथेच थांबते. जंतू मग आत दबा धरून राहतो, आणि महिन्यांनी उलटलेला रोग अस्थिमज्जेवर घाला घालतो. तेव्हा फारसे काही हाती उरत नाही. याहून घातक चूक म्हणजे ताप आहे म्हणून माणसांची गोळी देणे. रक्तस्राव होत असलेल्या कुत्र्याला ती प्राणघातक ठरू शकते.

घरातील आजींना चौविहार. सूर्यास्तानंतर पडवीतही अन्न जात नाही, मग रात्रीची गोळी कशी द्यावी? डॉक्टरांनी दिवसाची पूर्ण मात्रा सकाळीच देण्यास संमती दिली. दुधातून देऊ नका, एवढे मात्र बजावले. दुधातील कॅल्शियममुळे औषध नीट शोषले जात नाही. तुपात भिजवलेल्या पोळीच्या तुकड्यातून गोळी जाऊ लागली.

खरा पेच पुढे होता. गोचीड मरावेत म्हणून मानेवर थेंबांनी सोडण्याचे औषधही डॉक्टरांनी दिले होते. आजी आजवर एकेक गोचीड हलक्या हाताने काढून वाटीत घेत आणि गडग्यापाशी सोडून येत. गोचीड त्रींद्रिय, कुत्रा पंचेंद्रिय. पण जीव दोन्ही. “पर्युषणात हे विष माझ्या हातून व्हायचे नाही,” असे त्या म्हणाल्या. नातू म्हणाला, “आजी, तुम्ही सोडलेला गोचीड रात्रीत परत त्याच्याच कानात येतो. एक मादी भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. मग वाटीतून सोडणे ही दया कोणावर?”

आजींपाशी उत्तर नव्हते. खरे तर ते कोणापाशीही सहज नसते. १८३२ साली सरकारी हुकमाने मुंबईतील बेवारस कुत्री मारली जाऊ लागली, तेव्हा पारशी, हिंदू आणि जैन व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. १८३४ साली जमशेटजी जीजीभाय आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. परंतु आश्रय देणे वेगळे आणि रोग बरा करणे वेगळे. परळला पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. आश्रयात जिवांची निवड करावी लागत नाही. औषधात ती पदोपदी करावी लागते.

वाट सुचली ती दुकानातून. तुरीला एरंडेल चोळणे, धान्य उन्हात वाळवणे, कणग्या झाडून कोरड्या ठेवणे, हे सारे कीड मारण्यासाठी नव्हे, तर ती उपजूच नये म्हणून. श्रावक यालाच यतना म्हणतात. व्यापाऱ्याने गवंडी बोलावला. पडवीची भिंत जांभ्या चिऱ्यांची. तिचे प्रत्येक भोक म्हणजे गोचिडांचे सूतिकागृह. सर्व फटी गिलाव्याने बुजल्या, गोणपाटाची जागा रोज उन्हात पडणाऱ्या चटईने घेतली, पडवीशेजारून जाणारा पाट दोन हात दूर वळवला. फटींतली अंडी आतच गाडली गेली, हे कोणी बोलले नाही. पण ते सर्वांना ठाऊक होते.

मानेवरचे औषध सूनबाईंनी लावले. आजींनी आडकाठी केली नाही आणि हातही लावला नाही. संकल्पी हिंसा कोणती आणि आरंभी कोणती, यावर त्या दिवशी बाप-लेकांत बराच खल झाला. संवत्सरीच्या प्रतिक्रमणात आजी नेहमीपेक्षा अधिक वेळ बसल्या.

२८ दिवसांनी प्लेटलेट्स दोन लाख दहा हजार भरल्या. थेंबांचे औषध आता दरमहा लावले जाते. दुकान उघडण्यापूर्वी आजी भुऱ्याचे कान उलटून पाहतात. गेल्या आठवड्यात एक गोचीड सापडला. तो वाटीत ठेवून त्या बराच वेळ पडवीत उभ्या होत्या. तो कोठे सोडावा, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.