मामांची बंदूक

आर्णीस अरुणावतीच्या काठी आमच्या मामांचे घर. माजघरातील खुंटीवर एक ठासणीची बंदूक असे; नळी केव्हाच बुजलेली. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वऱ्हाडात अडगावास वेलस्लीशी भोसल्यांची जी लढाई झाली, तीत ही बंदूक आपल्या पूर्वजाच्या हाती होती, असे मामा सांगत. ऐकताना आम्ही भाकरी खाणे विसरत असू.

पुढे आम्ही प्रोफेसर झालो. एका उन्हाळ्यात भरल्या पंक्तीत आम्ही मामांस ठासून सांगितले की, हा घोडा तांब्याच्या टोपीवर पडणारा आहे. आघाताने बार पेटविण्याचे पेटंट फोर्साइथ नावाच्या स्कॉच पाद्र्याने घेतले ते १८०७ साली, आणि टोप्या तर त्याहूनही मागाहूनच्या. मामा एवढेच म्हणाले, "तू म्हनतं तसंच असंन, बाप्पा." पुढल्या खेपेस खुंटी रिकामी होती. ती गोष्ट त्यांनी पुन्हा कोणा मुलास सांगितली नाही.

मामा गेल्यावर मामींनी माळ्यावरून बंदूक काढून दिली. तेलाच्या चिंधीने गंज पुसला तो घोड्यापुढील लोखंडी पट्टीवर पितळेने बुजविलेली तीन भोके दिसली. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा असतो. चाप ओढताच गार पोलादी पात्यावर घासते, पाते उलटते, ठिणग्या खालच्या पेल्यातील रंजकेवर पडतात आणि आग कानातून नळीत शिरते. पाते, त्याची कमान व पेला ही बाहेरून मळसूत्रांनी बसविलेली असतात. टोपीची चाल आल्यावर कारागीर ती काढून भोके बुजवीत व जुनीच बंदूक नवी करीत. आम्ही पाहिला तो नवा घोडा. भोके पाहिली नाहीत.

आपल्याकडे सर्रास चालली ती तोड्याची बंदूक. गावच्या लोहारासही दुरुस्त करता येई, मात्र पाऊस आला की तोडा विझे आणि रात्री त्याचा निखारा शत्रूस दिसे. चकमक पसरली ती कवायती पलटणींबरोबर. महादजी शिंद्यांच्या चाकरीत द बॉयन १७८४ साली आला, तो अडगावच्या कितीतरी आधी. तेव्हा मामांची गोष्ट सिद्ध झाली असे नव्हे. आमचे खंडन मात्र फुसका बार निघाले.

मामींनी त्या भोकांवरून बोट फिरविले. "थे तुया मामाले दाखवाले पायजे होतं," त्या म्हणाल्या, आणि खुंटीवरचे पंचांग काढू लागल्या.