कडा नसलेलं पान

मी छापखान्याकडून वेबसाइटकडे आले. नारायण पेठेत दिवाळी अंकांची पानं लावायचे, तेव्हा पान म्हणजे काय हा प्रश्न कधी पडलाच नाही. पानाला चार कडा असतात. समास किती, दोन ओळींत हवा किती, कवितेच्या शेवटच्या कडव्याखाली पांढरं किती सोडायचं, हे सगळं पान लावणाऱ्याच्या हातात. एकदा प्लेट तयार झाली की वेलांटीसुद्धा जागची हलायची नाही. त्या स्थिरतेवर माझं मनापासून प्रेम होतं, अजून आहे.

वेबसाइटची कामं येऊ लागली आणि पानाच्या कडाच सापडेनात. मी लावलेला मजकूर कुणी भल्यामोठ्या पडद्यावर वाचणार, कुणी तळहाताएवढ्या; कुणी अक्षर दुप्पट करून, कुणी नुसता ऐकून. तेव्हा बरेच जण यावर एक उपाय करत: मराठी मथळ्याचं, कधी अख्ख्या मजकुराचंच चित्र करून लावायचं. त्यालाही कारण होतं. देवनागरी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, 1991 सालीच आली होती. पण घरोघरच्या संगणकांवर ती रुळायला वेळ लागला. तोवर प्रत्येक वृत्तपत्राचा फॉन्ट वेगळा. तो उतरवून घेतला नसेल तर मराठीच्या जागी रोमन चिन्हांचा कचरा दिसायचा. विंडोज 2000 बरोबर र. कृ. जोशींनी रेखलेला ‘मंगल’ आला आणि मराठी मजकूर मजकूर म्हणूनच पाठवणं शक्य होऊ लागलं. चित्रातलं अक्षर देखणं असे. पण ते शोधता येत नसे, मोठं केलं की फाटे, आणि दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन रीडरला तिथे काही लिहिलंय याचा पत्ताच लागत नसे.

पान कुणाचं, हा प्रश्न मला तिथे भेटला. शोधत गेले तर तो वेबच्या बालपणीच कुणीतरी विचारून ठेवला होता. ऑक्टोबर 1994 मध्ये होकून व्हिऊम ली या नॉर्वेजियन माणसाने जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत असताना पानांच्या रूपासाठी एक योजना मांडली. आज प्रत्येक वेबसाइटला रंगरूप देणाऱ्या सीएसएसचा तो उगम. तिच्यात एक विलक्षण तरतूद होती: मथळ्याचा आकार सांगताना आपलं म्हणणं कितपत धरावं, तेही टक्क्यांत सांगायचं. शंभर टक्के, किंवा चाळीसच. उरलेल्यात वाचकाची आवड. डिसेंबर 1996 मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती आली तेव्हा टक्के गळाले होते, पण पान दोघांचं असतं ही धारणा टिकली. त्या आवृत्तीत दोघांनीही एखादी गोष्ट ‘महत्त्वाची’ म्हटली तर पान करणाऱ्याचं चाले. 1998 च्या दुसऱ्या आवृत्तीने ते उलटवलं. शेवटचा शब्द वाचकाचा.

हा बदल मला फार मोलाचा वाटतो. ज्याला बारीक अक्षर दिसत नाही, त्याने माझ्या सौंदर्यदृष्टीपायी का ताटकळावं? ऑस्ट्रेलियाच्या जॉन ऑलसॉपने 2000 साली ‘ताओ ते चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाचा आधार घेऊन हेच सांगितलं होतं: छापील पानातली हुकमत वेबवर शोधू नका, वेबचं लवचीकपण हाच त्याचा गुण. मग 2010 मध्ये ईथन मार्कोटने पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणारी पानं करायची रीत दाखवली. मला तेव्हा नऊवारी आठवली. ती कुणाच्या मापाने शिवलेली नसते. नेसणारीच्या अंगाप्रमाणे बसते. म्हणून तिला घडण नाही असं कोण म्हणेल? काठ कुठे, पदर किती लांब, हे विणणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं.

तसं मलाही खूप काही ठरवावं लागतं, आणि मराठीसाठी ते वेगळं ठरवावं लागतं. इंग्रजी मथळ्यात अक्षरं विरळ करायची फॅशन आहे. तोच नियम देवनागरीला लावला की शिरोरेषेचे तुकडे पडतात. ‘मूर्तींना’ हा एकच शब्द घ्या: वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली ऊकार. इंग्रजीला पुरणाऱ्या ओळींच्या अंतरात तो वरच्या ओळीशी धडकतो. म्हणून मी ओळी सैल सोडते, आणि अक्षर दुप्पट मोठं करूनही काही कापलं जात नाही ना, हे पाहिल्याशिवाय पान हातावेगळं करत नाही. जागतिक सुगमता-निकषांतही तेवढी अपेक्षा 2008 पासून आहे.

आणखी एक खूण आहे, वाचकाला कधीच न दिसणारी. पानाच्या कोडमध्ये अगदी वर भाषा मराठी आहे असं लिहायचं, ‘एमआर’ एवढंच. ती सोय असलेला फॉन्ट मग हिंदी वळणाऐवजी आपला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श काढून देतो. स्क्रीन रीडरही तीच खूण पाहून मराठी आवाज निवडतो. कितीतरी मराठी वेबसाइटवर तिथे अजून इंग्रजी लिहिलेलं असतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांकडून मी रंग निवडण्याच्याही आधी ही ओळ लिहून घेते.