सामाईक विहीर

उन्हाळ्याच्या सुट्टीतलं लग्नघर. पाहुण्यांची वर्दळ, बायकांची लगबग, आणि त्या गर्दीत एक पोरगा सगळ्यांपासून सुटत चाललेला. उमेश विनायक कुलकर्णी यांच्या ‘विहीर’मधला हा नचिकेत. कुठंतरी निघून जावं असं त्याला वाटतं आणि ते तो समीरला सांगतो. समीर नात्यानं भाऊ, पण त्याआधी मित्र. तोही मिसरूड न फुटलेला, ऐकून गोंधळून जाणारा. पुढं नचिकेत विहिरीत बुडून मरतो. उरलेला सगळा चित्रपट समीरच्या शोधाचा आहे.

2010 साली हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. गोष्ट भोकरदनची नाही, पण मला ती भोकरदनातच कळली.

उन्हाळ्यात इथली केळना नदी आटते. मग पोरांना पोहायला विहिरीच. थोरला चुलतभाऊ धाकट्याच्या पाठीला रिकामा कॅन बांधतो, त्याला काठावरून ढकलतो आणि लगेच मागून स्वतः उडी घेतो. नाकातोंडात पाणी गेलेलं ते पोर वर येऊन आधी शिवी हासडतं, मग त्याच भावाच्या गळ्याला घट्ट मिठी मारतं. कपारीतले पारवे फडफडून उडतात.

आणि मग एखाद्या वर्षी घरात खातेफोड निघते. पिंपळगाव रेणुकाईला विकलेल्या मिरचीचे पैसे कोणी ठेवून घेतले, बांध कोणी कोरला, म्हातारीच्या दवाखान्याला कोणी किती घातले. तहसीलला चकरा सुरू होतात. जमिनीचे तुकडे पडतात. विहिरीचे पाडता येत नाहीत. सातबाऱ्याच्या इतर हक्कात ती सामाईक लागते. एकाच काठावर दोन मोटारी बसतात, दोन स्टार्टरच्या पेट्या, दोन्हींना वेगळी कुलपं. वार वाटून घेतले जातात. रात्रीची लाईट असली की पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं बॅटरी घेऊन एकटंच भरण्याला जातं. पलीकडच्या वावरात त्याचा चुलतभाऊ रानडुकरांपासून मका राखत जागा असतो. दोघांना एकमेकांच्या बॅटरीचा उजेड दिसतो. ‘त्याच्याशी बोलताना दिसलास तर याद राख,’ असं दोघांनाही आपापल्या बापानं बजावलेलं असतं. मोटर चालवायचे वार ठरले. या दोघांनी भेटायचा वार कोणी ठरवला नाही.

कठोपनिषदातल्या नचिकेताचा बापही रागाच्या भरात बोलून गेला होता, जा, तुला मृत्यूला दिलं. आणि पोरगा खरंच चालू लागला. त्याला निदान यम भेटला. त्याला तीन रात्री दारात ताटकळावं लागलं म्हणून यमानं वर दिले, त्याचे प्रश्न ऐकून घेतले. चित्रपटात आलोक राजवाडेनं साकारलेल्या नचिकेतला तेवढंही मिळत नाही. तो आरडाओरडा करत नाही, दार आपटत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. आणि घरातली माणसं वाईट नाहीत, हेच मला सर्वांत जड जातं. लग्न आहे, पाहुणे आहेत, ती आपापल्या कामात आहेत. मदन देवधरनं साकारलेला समीर मागं राहतो. आपल्याकडे गेलेल्याच्या आईबापाला भेटायला गाव लोटतं. त्याच्या मित्राच्या घरी कोण जातं? जोडीदार तुटलेल्या पोराला सुतक नसतं.

भोकरदनच्या वावरातली ती दोन पोरं जिवंत आहेत, शाळेत एकाच वर्गात वेगवेगळ्या बाकांवर बसतात. तरी त्यांचंही काही गेलेलंच असतं, आणि त्याबद्दल त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

वाटण्या थांबणार नाहीत. खाणारी तोंडं वाढली की जमीन फुटायचीच. पण भोकरदनच्या, जाफराबादच्या, सिल्लोडच्या बापांना माझं हात जोडून सांगणं आहे: बांधाचं भांडण तहसीलात मांडा, कोर्टात न्या, पोरांच्या अंगावर घालू नका. आणि भरण्याहून आलेल्या पोराला ‘पाणी कुठवर गेलं’ हे विचारून झालं, की त्याच्याजवळ थोडा वेळ बसा. त्याला काय बोलायचंय ते बोलू द्या.