जिन्याखालची सायकल

गेल्या महिन्यात आमच्या भाच्याचा मुलगा सकाळीच दारात येऊन उभा राहिला, तेव्हा काहीतरी बिनसले आहे हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळले. तो आणि त्याचे तीन सोबती इंदूरच्या भंवरकुआ भागात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतात. रात्री इमारतीच्या जिन्याखाली ठेवलेली त्याची सायकल पहाटे जागेवर नव्हती. चार हजारांना घेतलेली जुनी सायकल. पण त्याच्या लेखी ती मोठीच वस्तू. ‘‘आजोबा, हे बाहेरच्याचं काम नाही. आठ दिवसांपूर्वी एक नवा मुलगा राहायला आलाय, त्याच्यावरच आमचा संशय आहे.’’

ते ऐकले आणि हातातला कप आम्ही खाली ठेवला. हेच वाक्य चाळीस वर्षांपूर्वी एका वाड्यात उच्चारले गेले होते, आणि ते उच्चारले जाण्यास आम्हीच कारण झालो होतो.

१९८५ साली आम्ही रामबागेतील एका वाड्यात बिऱ्हाड करून होतो. सात बिऱ्हाडे, एक नळ, एक दिंडी दरवाजा आणि जिन्याखाली एकमेकींत हँडले अडकवून उभ्या असलेल्या नऊ सायकली. त्यांतील एक आमची, हप्त्याहप्त्याने फेडलेली. दर रविवारी आम्ही तिच्या रिमा पुसत असू. जिन्यालगतच्या अंधाऱ्या खोलीत निमाडातून शिकायला आलेला एक विद्यार्थी राहत असे. अबोल, सदा पुस्तकात मान घातलेला. वाड्याच्या मालकीणबाईंना सारे काकू म्हणत. त्यांची दळणे तो न सांगता आणून देई.

अनंत चतुर्दशीची रात्र होती. इंदुरात त्या रात्री गिरणी कामगारांच्या झाँक्या निघतात. पुढे १९९१ मध्ये हुकूमचंद मिल बंद पडली, तरी कामगारांनी ही परंपरा सोडली नाही. त्या रात्री सारा वाडा झाँक्या पाहायला लोटला. परीक्षा जवळ आली म्हणून तो विद्यार्थी तेवढा मागे राहिला. पहाटे परतलो, तर जिन्याखाली आठच सायकली होत्या.

काकूंनी विचारले, ‘‘कुलूप लावलं होतंत ना?’’

आम्ही म्हणालो, ‘‘हो, लावलं होतं की!’’

मागच्या चाकाच्या त्या कुलपाची एक खोड असते. ते उघडे असेपर्यंत किल्ली त्यातून निघत नाही. लावले की मगच ती हाती येते. आमच्या खिशात किल्ली नव्हती. पण ती गर्दीत पडली असावी, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली आणि हळूहळू ती आम्हाला खरीही वाटू लागली. निष्काळजी ठरण्याची लाज वाटली, एवढेच त्याचे कारण.

त्या एका ‘हो’ने पुढचे सारे घडवले. कुलूप लावलेली सायकल उचलून न्यायची, तर ते घरभेद्याचेच काम. आणि त्या रात्री घरी होते कोण? त्या मुलाच्या तोंडावर कोणी काही बोलले नाही. मात्र नळावर त्याची पाळी मागे पडू लागली, दळणासाठी त्याला कोणी हाक मारीना, आणि एके दिवशी दोघा-तिघांनी ‘सहज’ म्हणून त्याची ट्रंक उघडून पाहिली. तो कोपऱ्यात उभा राहून पाहत होता. महिनाअखेर त्याने खोली सोडली. जाताना काकूंच्या पाया पडला. आमच्याकडे पाहिले नाही.

चार महिन्यांनी पोलिसांनी दूरच्या वस्तीतील एका टोळीकडून बऱ्याच सायकली पकडल्या. खरेदीची पावती आम्ही जपून ठेवली होती. पॅडलचा आस ज्या नळीत बसतो तिच्या तळाशी कोरलेला क्रमांक पावतीशी जुळला, आणि न्यायालयामार्फत सायकल सुपुर्दगीवर परत मिळाली. तिच्या कुलपात आमचीच किल्ली होती.

ती किल्ली आम्ही कोणाला दाखवली नाही. त्या मुलाचा पत्ता काकूंकडे होता. तोही आम्ही मागितला नाही. सायकल आली म्हणून वाड्यात पेढे वाटले, आणि ते सर्वांनी खाल्ले.

हे सारे भाच्याच्या मुलाला प्रथमच सांगितले. मग त्याला विचारले, ‘‘तू कुलूप लावलं होतंस का?’’ तो जरा थांबला. ‘‘लावलं असेल... बहुतेक.’’

त्यानंतर आम्ही दोघे कागद घेऊन बसलो. सायकलचे बिल, तिचा क्रमांक आणि छायाचित्र एकत्र केले. तक्रारीत सायकल नेमकी कोठे ठेवली होती ते स्पष्ट लिहिण्यास सांगितले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. पाच हजारांखालच्या मालाची साधी चोरी तेव्हापासून अदखलपात्र ठरते, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. मात्र राहत्या इमारतीच्या आतून वस्तू गेली असेल, तर कलम ३०५ लागू होते आणि तेथे किमतीचा प्रश्न येत नाही. तेव्हा ‘जिन्याखाली’ हा शब्द गाळायचा नाही. जुन्या सायकली घेणाऱ्या दुकानांत आणि दुरुस्तीवाल्यांकडे क्रमांक देऊन ठेवायचा. आणि कोणाचीही खोली, कोणाचीही पेटी उघडायची नाही. तो अधिकार आपला नाही.

पुढच्यासाठीही काही ठरले. घरमालकांना सांगून जिन्याखालच्या भिंतीत लोखंडी गज बसवून घ्यायचा. नुसते चाक बांधून ठेवले तर उरलेली सायकल उचलता येते. म्हणून साखळी चाकातून आणि सांगाड्यातून ओवून गजाला बांधायची. रात्री शेवटी येणाऱ्याने बाहेरचे दार लावायचे, आणि ते उघडे राहिले तर तसे सांगायचे. ‘‘आपल्याच माणसांत कुलूप लावायचं म्हणजे कसंसंच वाटतं, आजोबा,’’ तो म्हणाला. एके काळी आम्हालाही तसेच वाटे. पण सामाईक जागेत लावलेले कुलूप शेजाऱ्यावरच्या अविश्वासाचे नसते. उद्या काही गेलेच, तर शेजाऱ्याकडे संशयाने पाहण्याची पाळी आपल्यावर येऊ नये, म्हणून ते लावायचे. आमच्या जिन्याखाली ते लागले असते, तर एका मुलाची ट्रंक उघडली गेली नसती.

तो उठला. ठाण्यात जाताना त्या नव्या मुलालाच बरोबर नेतो, म्हणाला.

सायकल अद्याप सापडलेली नाही. जिन्याखाली गज बसला आहे, आणि तो मुलगा अजून तेथेच राहतो आहे.